चौथ्या टेबलाचे ठिपके

"कुनाची हाय ही?" खिडकीतली चौथी वाटी उचलून सुंदररावांनी विचारलं.

शाहीननं ती त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतली आणि परत जागेवर ठेवली. वाटी हलली की गराला नव्यानं हवा लागते आणि मोजमाप बिघडतं, हे तिनं त्यांना आधीही सांगितलं होतं. पण सुंदररावांचं आयुष्य शेतात आणि मोंढ्याच्या बाजारात गेलेलं. हातात घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू त्यांना खरी वाटत नसे.

"चौथ्या टेबलाची आहे, भाऊ," ती म्हणाली.

"म्हंजे दगडाबाईची."

खिडकीत चार वाट्या होत्या आणि चारींत सकाळी काढलेला सीताफळाचा गर होता. तीन वाट्यांतला गर दुपार झाली तरी सायीसारखा पांढरा होता. चौथीतल्या गरावर फिकट तांबूस छटा आली होती, दुधात चहाचे थेंब पडावेत तशी.

मांजरसुंब्याच्या चौकातून पुढे निघालं की ढाबे संपतात, तिथं डाव्या हाताला ही पत्र्याची लांबलचक शेड आहे. पाऊस ओसरला की बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं पाट्या भरभरून खाली येतात. ती इथं निवडायची, फोडायची, चमच्यानं गर काढायचा, मशीनमधून बिया वेगळ्या करायच्या आणि गर पिशव्यांत भरून गोठवायचा. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून हे काम उभं केलं होतं आणि सुंदरराव ते चालवत होते. गर जायचा पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्याकडे. त्याच्या माणसानं सकाळीच फोन करून सांगितलं होतं, की गेल्या गाडीतल्या काही पिशव्या परत येत आहेत. एका पिशवीत दूध निघतं आणि दुसरीत चहा, असं तो म्हणाला होता. पुढची गाडी सारख्या रंगाची आली नाही तर त्यापुढची पाठवायची तसदी घेऊ नका, असंही.

सुंदरराव आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. ते खिडकीशी उभे राहून बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, की दगडाबाईला गरावरून काढून क्रेट धुवायला बाहेर बसवू. रोजाचे पैसे तेच राहतील, म्हातारीचं नुकसान काही नाही.

"पुढची गाडी भरेपर्यंत थांबा," शाहीन म्हणाली. "रंग कुठल्या टेबलाला येतो ते कळलंय. कशानं येतो ते कळलेलं नाही."

"कशानं म्हंजे? हातानं."

"तेच बघायचंय."

सुंदररावांनी मान हलवली. त्यांचा तिच्यावर विश्वास होता, पण गाडीची तारीख त्यांच्या मानेवर बसली होती.

शाहीन बीडच्या एका कॉलेजात कैक वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. संख्याशास्त्र तिनं पुढं आवडीनं, बाहेरून परीक्षा देऊन पुरं केलं. तिचा नवरा तन्वीर याचं मांजरसुंब्याच्या चौकात गॅरेज होतं. या कामाची जागा निघाली तेव्हा रोज जाता-येता सोबत होईल एवढ्याच हिशेबानं तिनं ती धरली, आणि मग ते काम तिला आवडू लागलं. सकाळी मोटरसायकलवर मागं बसून येताना वारा लागतो, दोघं फारसं बोलत नाहीत, शेडच्या दाराशी तो तिला उतरवतो आणि तिच्या डब्याची पिशवी हातात देतो. एवढ्यावर दिवस चांगला सुरू होतो, असं तिचं मत होतं.

शेडमध्ये यंत्रं बेताचीच होती, म्हणून रंग मोजायची सोय तिनं स्वतःच केली होती. बीडमधल्या रंगाच्या दुकानातून तिनं भिंतीच्या रंगांचं एक कार्ड आणलं. कुठली खोली रंगवायची आहे, असं दुकानदारानं विचारल्यावर ती "सीताफळ" म्हणाली होती. तो अजून भेटला की हसतो. पांढऱ्यापासून बदामीपर्यंतच्या पट्ट्यांना तिनं आकडे दिले. प्रत्येक टेबलाची एक वाटी सकाळी खिडकीत ठेवायची, दुपारी ती कार्डाशी लावून बघायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एक ठिपका द्यायचा. बायकांना तिनं तक्ता भाकरीवरून समजावला होता. एकाच हातच्या दोन भाकरी कधी सारख्या नसतात, जरा लहानमोठं व्हायचंच, त्याचं कारण शोधत बसू नये. पण एक भाकर करपली तर मात्र तव्याखाली वाकून बघावं. तक्त्यावर तिनं एक लाल रेघ मारली होती. रेघेखाली ठिपके असले की रोजचं लहानमोठं. रेघेवर गेले की करपलं.

चौथ्या टेबलाचे ठिपके हंगामाच्या सुरुवातीपासून रेघेच्या वर होते.

दगडाबाई या शेडमधली सगळ्यात जुनी बाई. पहिल्या वर्षी फळ कसं फोडायचं ते तिनंच सगळ्यांना शिकवलं. दोन्ही अंगठे देठाशी रुतवून, फळ पुस्तकासारखं उघडायचं. चमचाही ती घरून आणलेला वापरायची. वर्षानुवर्षं सालीला घासून त्याची एक कड तिरपी झिजली होती आणि त्या झिजलेल्या कडेनं ती साल न खरवडता अख्खा गर एका वळणात काढायची. बाकीच्या बायका तिच्या बोलण्याला भिऊन आणि हसून असायच्या. समोरच्या टेबलावरची संस्कृती मोबाइलकडे बघताना दिसली, की दगडाबाई मान वर न करता विचारायची, "काय वं, फळ त्याच्यातून निघायलंय का?"

शाहीननं पहिलं काम केलं ते जागांच्या अदलाबदलीचं. दगडाबाईला दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि दुसऱ्यावरच्या संस्कृतीला चौथ्यावर. चौथ्या टेबलाच्या वरचा पत्रा तापत असेल, भांड्याला गंज असेल, तर रंग टेबलाशी राहील. दगडाबाईनं आपला चमचा आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि जाता जाता म्हणाली, "माजी जागा हलवलीस. आता गिरह बी हलव माजे."

दुपारी ठिपके दिले तेव्हा शाहीनचं मन उतरलं. चौथं टेबल खाली आलं होतं आणि दुसरं वर गेलं होतं. रंग दगडाबाईबरोबर चालत गेला होता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा तिनं दोघींना परत आपापल्या जागी बसवलं.

मग तिनं दगडाबाईला सगळ्यांसारखा कारखान्याचा चमचा दिला. रंग गेला नाही. हात धुण्याचं पाणी बदललं, तरी नाही. स्टूल घेऊन ती शेजारी बसली आणि नुसती बघत राहिली. हात स्वच्छ होते, नखं कापलेली होती, साल खरवडली जात नव्हती. आणि सगळ्यात न जुळणारी गोष्ट म्हणजे दगडाबाई सगळ्यांत भरभर काम करत होती. तिचं भांडं पहिलं भरायचं आणि पहिलं मशीनवर जायचं. गर हवेत जितका कमी राहील तितका पांढरा राहायला हवा. म्हणजे तिची वाटी सगळ्यांत पांढरी निघायला हवी होती.

एव्हाना बायकांच्यात कुजबूज सुरू झाली होती. दगडाबाईच्या गावात कुणाचं लोणचं घालायचं असलं की मसाला कालवायला तिलाच बोलावणं यायचं. तिच्या हातचं लोणचं दोन-दोन पावसाळे टिकतं म्हणून तिचा हात नावाजलेला होता. आता जीपमधून जाता-येता कुणीतरी बोललं, की म्हातारीचा हात फिरला. हात लागला की नासतं. हे गावातही पोचलं. यंदा कुणाच्याशा घरी आवळ्याचं लोणचं घातलं गेलं आणि दगडाबाईला कुणी बोलावलं नाही. ती याबद्दल शेडमध्ये अवाक्षर बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून संस्कृतीला टोमणा मारायचं तिनं बंद केलं.

शाहीनला ते फार लागलं. तक्ता तिनं लावला होता. तक्त्यावर नावं नव्हती, टेबलांचे आकडे होते, पण चार टेबलांच्या शेडमध्ये आकडा लपून किती राहणार?

त्या दुपारी सगळ्या जेवायला बसल्या असताना ती तक्त्यापुढं एकटी उभी राहिली. इतके दिवस तिची नजर वरच्या ठिपक्यांवर होती. आज तिनं उलटं केलं, दगडाबाईचा एखादा ठिपका खाली आहे का ते शोधलं. एकच होता. हंगामाच्या सुरुवातीला, सगळ्यांच्या ओळीत, गुण्यागोविंदानं बसलेला. आधी तिनं तो चुकीचा धरून सोडून दिला होता. आता तिनं विचार केला, की इतर सगळ्या दिवशी असलेली कोणती गोष्ट त्या दिवशी नव्हती? फळं त्याच डोंगरातली. वीज होती. पाऊस नव्हता. तिला आठवलं ते एवढंच, की त्या दिवशी दगडाबाई फार सावकाश काम करत होती आणि अंगात कणकण आहे, बोटं आखडलीत, असं म्हणाली होती. आणि निवडीच्या जागेवर छबुबाई नव्हती. भाचीच्या साखरपुड्याला ती धर्मापुरीला गेली होती, आणि त्या दिवशी ज्या बाईला जे क्रेट जवळ पडलं ते तिनं उचललं होतं.

छबुबाई म्हणजे दाराशी बसून आलेलं फळ अंगठ्यानं दाबून निवडणारी, आणि क्रेट टेबलांना पोचवणारी बाई. दगडाबाईच्याच गावची. आडदांड, हसरी, कुणाला उधारीत न ठेवता उत्तर देणारी. तिचा या रंगाशी काय संबंध असेल, ते शाहीनच्या ध्यानात येईना.

ते आलं घरी, जेवणं झाल्यावर. तन्वीरनं चौकातल्या एका बाईकडून पाटीभर सीताफळं आणली होती. शाहीननं ती ताटात काढली आणि नेहमीप्रमाणे आधी सासूबाईंना, अजमतबींना दिलं. अजमतबींचे दात गेलेले आणि मनगटं दुखरी. शाहीनचा हात ताटातल्या तीन फळांवरून पुढं गेला आणि चौथ्यावर थांबला, जे पार मऊ होतं, ज्याचे डोळे पूर्ण उघडून साल मधोमध तडकली होती. ते तिनं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. आणि ठेवता ठेवता आपल्याच हाताकडे बघत राहिली. तन्वीरनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, हिशेब जुळतोय.

दुसऱ्या दिवशी तिनं चार चिठ्ठ्या केल्या आणि एका डब्यात टाकल्या. कुठलं क्रेट कुठल्या टेबलाला जायचं ते चिठ्ठी ठरवणार. तुमच्या-माझ्या मनावर काही नको, असं तिनं छबुबाईला सांगितलं. छबुबाईनं डबा हलवून बघितला, हा भिशीचा नवाच प्रकार दिसतो म्हणाली, आणि सकाळभर इमानानं चिठ्ठ्या काढत राहिली. तरीही दुपारी दगडाबाईची वाटी तांबूस झाली.

शाहीन कुणाला न कळवता चौथ्या टेबलाच्या क्रेटशी गेली आणि उरलेली फळं एकेक करून अंगठ्यानं दाबली. सगळी मऊ. मग दुसऱ्या टेबलाची दाबली. टणक, नुकती पिकलेली.

तिनं छबुबाईला शेडच्या मागं बोलावलं. तिथं सालींचा ढीग असतो आणि गावातल्या शेळ्या त्याला लागलेल्या असतात.

"चिठ्ठी निघाल्यावर तुम्ही फळं बदलता," शाहीन म्हणाली.

छबुबाईनं पदर कमरेला खोचला. "कोन मनलं?"

"मी फळं दाबून बघितली."

छबुबाई शेळ्यांकडे बघू लागली. मग म्हणाली, "मऊ मऊ काढून तिला देते. मग? चोरी करायले का मी?"

"कशासाठी देता?"

"तिची बोटं बघितली का कवा? पार गाठी झाल्यात. सकाळी उठून भाकर मोडता येत न्हाई तिला. आमी एकाच जीपनं येतो, मला दिसतं की. हंगाम लागला तवा पहिल्याच दिवशी, पहिलंच टणक फळ फोडताना तिनं असे व्हट आवळले, मला बघवंना. मला काम कुनी शिकवलं? तिनंच. मऊ फळ तर मऊ फळ, मनलं. कुनाचं काय जातंय?"

"मऊ फळाचा गर लवकर तांबडा होतो, छबुबाई. त्याची साल आधीच तडकलेली असते, आत हवा शिरलेली असते. खायला ते चांगलं. वाटीत ठेवायला नाही."

छबुबाईचा चेहरा हळूहळू बदलला. सगळ्या कुजबुजीत ती दगडाबाईच्या बाजूनं भांडली होती. हात फिरला म्हणणाऱ्या बाईला तिनं जीपमधून उतरायला लावलं होतं. आणि ज्याच्यावरून ती भांडली ते तिनंच, रोज, आपल्या हातानं, प्रेमानं निवडून चौथ्या टेबलावर नेऊन ठेवलेलं होतं.

"माय," एवढंच ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "तिला सांगू नका म्याडम. तुमाला काय करायचं ते करा, पर तिला सांगू नका. तिला वाटतंय तिचा हात आजून तसाच हाय."

घरी जाताना शाहीन मोटरसायकलवर मागं बसून तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करत होती. दगडाबाईच्या हाताचं नाव राखायचं, तर फळांचं खरं सांगावं लागेल. आणि फळांचं खरं सांगितलं, की तिचा वेग तिचा नव्हता हेही त्यातच आलं. एक ठेवून दुसरं झाकता येत नव्हतं. निदान सांगायची वेळ आपण निवडावी, एवढं तिनं ठरवलं.

ती वेळही तिच्या हातात राहिली नाही. पुढच्या सकाळी तिनं मऊ फळं सगळी वेगळी काढायला लावली. ती आधी, चारी टेबलांनी मिळून संपवायची आणि गर लगोलग गोठवायला न्यायचा. मग उरलेली सारख्या पिकाची फळं चौघींना सारखी. क्रेट तिनं स्वतः वाटली. दगडाबाईनं पहिलं टणक फळ हातात घेतलं, अंगठे देठाशी रुतवले, आणि थांबली. मग ओठ आवळून तिनं ते उघडलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला तिनं मान वळवून दाराशी बसलेल्या छबुबाईकडे बघितलं. छबुबाई क्रेटमध्ये डोकं घालून बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत दगडाबाई नळावर आली. शाहीन वाट्या धूत होती.

"आज फळ लई कडक हाय," दगडाबाई म्हणाली.

"हो, मावशी."

"सगळ्यांचं, का माजंच?"

"सगळ्यांचं सारखं आहे."

"आन् आदी?"

शाहीननं नळ बंद केला. "आधी तुमचं मऊ असायचं."

"कवापासून?"

"या हंगामात. पहिल्या दिवसापासून."

दगडाबाईनं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे-सुलटे करून बघितले, जणू कुणी दुसऱ्यानं ते तिच्याकडे ठेवायला दिले होते. "मला वाटायलंतं माजा हात चालायलाय," ती म्हणाली. "गावात सांगितलं बी मी. औषीद सोडलं तरी बोटं बरी झाली मनलं."

शाहीननं नळ पुन्हा सुरू केला आणि दगडाबाईनं बोटं पाण्याखाली धरली.

"छबीचं काम हाय हे."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"घ्यायला कशाला लागतं? तिच्याबिगर कुनाला एवडी उठाठेव." तिनं हात पाण्यातून काढले. "मंग तो रंग फळाचा व्हता? हाताचा न्हाई?"

"मला तसं वाटतं. पण एका दिवसाच्या वाटीवर तसं म्हणता येत नाही. गाडी भरेपर्यंत रोज सारखी फळं घेतली आणि रोज तुमचा ठिपका सगळ्यांच्यात बसला, तर म्हणता येईल. पण त्याला टणक फळं फोडावी लागतील. नाही बसलात तरी चालेल मावशी, मी भाऊंना तोंडी सांगेन."

"तोंडी कोन ऐकतंय?" दगडाबाई म्हणाली. "तोंडानंच तर सगळं झालं." तिनं हात झटकले आणि पदराला पुसले. "बसते मी. तुजे ठिपके होस्तवर बसते."

आणि ती बसली. रोज सकाळी ती चौथ्या टेबलावर यायची, आपला झिजलेला चमचा काढायची आणि टणक फळं एकेक करून उघडायची. तिचं भांडं आता सगळ्यांच्या शेवटी भरायचं. संस्कृती आपलं क्रेट संपवून तिच्या क्रेटकडे हात लांबवायची तेव्हा दगडाबाई म्हणायची, "राहू दे बाई. आमची परीक्षा चाललीय, कापी करू नको." हा जुना आवाज परत आलेला ऐकून बायका हसल्या. छबुबाई हसली नाही. तिनं एकदा शाहीनकडे येऊन सांगितलं, की तुमचं हे ठिपक्यांचं लवकर उरका, रात्री तिची बोटं मी शेकते, मला माहीत आहे. शाहीन म्हणाली, कमी ठिपक्यांवर सांगितलं तर उद्या कुणीही खोडून काढील. छबुबाईला ते पटलं नाही, पण समजलं. सुंदरराव रोज दुपारी खिडकीशी येऊन जात. काही विचारत नसत. दगडाबाईला क्रेट धुवायला बसवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नव्हती, आणि विसरलेलेही नव्हते.

तक्त्यावर चौथ्या टेबलाचे ठिपके खाली उतरले आणि तिथंच राहिले.

गाडी भरायच्या दिवशी दुपारी शेडच्या दाराशी गोठवणाऱ्या ट्रकचं इंजिन घुमत होतं. शाहीननं सुंदररावांना बोलावलं. बायकाही हात पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. खिडकीत चार वाट्या होत्या. सुंदररावांनी सवयीनं हात पुढं केला, मग शाहीनकडे बघून तो मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरून खाली वाकले.

"चौथ्या टेबलाची कंची?"

"सांगा तुम्ही."

ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले आणि परत आले. "सगळ्या सारख्याच हायत."

"रंग फळाच्या पिकण्यात होता, भाऊ. मऊ फळं एकाच टेबलावर जात होती. आता ती आधी निघतात आणि लगेच गोठतात. हातात काही दोष नव्हता."

हे शेवटचं वाक्य तिनं जरा मोठ्यानं, मागं उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळं ते थोडं चिरकलं.

सुंदररावांनी विचारलं, "पर मऊ फळाला कसं कळायचं, चौथ्या टेबलावर जायचं ते?"

छबुबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. सुंदररावांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दगडाबाईच्या बोटांकडे बघितलं. माणसांच्यात वय गेलेला माणूस होता तो. "बरं," ते म्हणाले, "गाडी भरा आता," आणि दाराकडे गेले.

बायका पांगल्या. दगडाबाई तिथंच उभी राहिली.

"यातली माजी कंची वं?" तिनं शाहीनला हळूच विचारलं.

"तुम्हीच ओळखा."

दगडाबाईनं वाकून एकेक वाटी निरखली. वास घेतला. मग मोठ्या खात्रीनं दुसऱ्या वाटीकडे बोट केलं. शाहीननं वाटी अलगद उचलून तळाची चिठ्ठी दाखवली. ती संस्कृतीची होती. दगडाबाई तोंडाला पदर लावून हसली, खांदे हलेपर्यंत हसली. "मलाच वळकू येईना," ती म्हणाली. "आता कोन काय मनंल."

मग तिनं आपला चमचा नळाखाली धुतला, पदरानं पुसला आणि वाट्यांच्या शेजारी खिडकीत ठेवला. दाराशी जाऊन ती छबुबाईच्या पाटाजवळ उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

छबुबाईनं वर बघितलं.

"फोडायला बोटं लागत्यात. दाबून बघायला अंगठाच लागतो. अंगठा हाय आजून माजा. आन् तुज्यावर आता कुनीतरी ध्यान ठिवायला पायजे. सरक."

छबुबाई सरकली. दोघी एका पाटावर अर्ध्या अर्ध्या टेकल्या. दगडाबाईनं पाटीतलं एक फळ उचललं, अंगठ्यानं हलकेच दाबलं, क्षणभर डोळे मिटले आणि ते मऊच्या क्रेटमध्ये टाकलं. मग दुसरं घेतलं.

शाहीननं वाट्या कार्डाशी लावल्या आणि तक्त्यावर त्या दिवसाचे चार ठिपके दिले. ते इतके जवळ आले, की दारातून बघणाऱ्याला एकच वाटला असता. बाहेर तन्वीरचा हॉर्न वाजला, तशी ती पिशवी घ्यायला वळली. खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. वाट्यांच्या शेजारी दगडाबाईचा चमचा पालथा पडला होता, आणि त्याच्या झिजलेल्या तिरप्या कडेवर पाण्याचा एक थेंब अजून वाळायचा राहिला होता.